कबुतराचे पिल्लू कधी दिसत का नाही? शहरी पक्ष्यांचे दाराआडचे बालपण

२०२५च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईतील कबुतरखाने बंद करण्यावरून मोठा वाद झाला. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली, प्रकरण उच्च न्यायालयात होते, आणि इकडे ठाण्यातही सोसायट्यांच्या सभांमध्ये कबुतर हा विषय पार्किंग आणि पाणीगळती यांच्या पंक्तीला येऊन बसला. आमच्या नौपाड्यातील इमारतीच्या सभेत न्हाणीघरांमागच्या डक्टला जाळी बसवण्याच्या ठरावावर तासभर बोलणे झाल्यानंतर मागच्या रांगेतील एका आजींनी शांतपणे विचारले, "पस्तीस वर्षे मी या खिडकीतून कबुतरे हाकलते आहे, पण कबुतराचे पिल्लू म्हणून कधी पाहिले नाही. ही थेट मोठीच जन्माला येतात की काय?" सभा हसली, ठराव मंजूर झाला आणि आजींचा प्रश्न तसाच राहिला.

वास्तविक त्या संपूर्ण चर्चेत विचारला गेलेला सर्वांत नेमका प्रश्न तोच होता. गल्लीत कुत्रीची पिल्ले दिसतात, जिन्याखाली मांजरीची दिसतात. मग ज्या पक्ष्याने आपल्या खिडक्या व्यापल्या आहेत, त्याचे बालपण आपल्याला दिसत नाही, याला काही कारण असले पाहिजे. ते कारण समजले की शहरात कबुतरे का वाढतात आणि चिमण्या का घटतात, याचाही बराचसा उलगडा होतो.

थेट मोठीच जन्माला येतात का?

पक्ष्यांच्या पिल्लांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. कोंबडीचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेच अंगावर दाट लव आणि उघडे डोळे घेऊन, आणि थोड्याच वेळात आईच्या मागे पळू लागते. आपल्या परिसरातील टिटवी याच प्रकारची आहे. खारघर-उलव्याकडच्या मोकळ्या भूखंडांवर ती उघड्या खडीत अंडी घालते, आणि तिची पिल्ले जन्मल्यानंतर लवकरच इकडे-तिकडे धावू लागतात. आईने धोक्याचा आवाज दिला की ती आहे त्या जागी जमिनीला चिकटून बसतात आणि त्यांचा मातकट रंग खडीत असा मिसळतो की दोन पावलांवरून पाहणारालाही ती सापडत नाहीत.

कबुतर, चिमणी, कावळा, साळुंकी, बुलबुल, पोपट हे सारे दुसऱ्या प्रकारातले. यांची पिल्ले जन्मतात तेव्हा आंधळी, जवळजवळ उघडी आणि मान सावरता न येणारी असतात. त्यांना चालता येत नाही, अंगाची ऊबही राखता येत नाही. त्यामुळे त्यांची सगळी वाढ घरट्याच्या आत, पालकांच्या पोटाखाली होते, आणि ही वाढ विलक्षण वेगवान असते. कबुतराचे नुकते जन्मलेले पिल्लू साधारण १५ ग्रॅमचे असते आणि महिन्याभरात ते ३०० ग्रॅमच्या आसपास पोचते. तीन किलोचे तान्हे बाळ महिन्याभरात साठ किलोचे व्हावे, असा हा हिशेब आहे.

आजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते. कुत्र्याचे पिल्लू लहान असतानाच बाहेर हिंडू लागते, म्हणून ते लहान असताना आपल्याला दिसते. कबुतराचे पिल्लू जेव्हा पहिल्यांदा बाहेर येते, तेव्हा ते आकाराने आई-बापांएवढेच झालेले असते. पक्षी उडू लागल्यानंतर अंगाने फारसा वाढत नाही. राहिलेली असते ती शेपटीची आणि पंखांची थोडी लांबी. म्हणूनच गच्चीवर मोठ्या पक्ष्याशेजारी एखादा अगदी चिमुकला पक्षी दिसला, तर तो त्याचे पिल्लू नसून बहुधा निराळ्याच जातीचा पक्षी असतो. मुनियांच्या थव्याला "चिमणीची पिल्ले" म्हणणारे मला दर वर्षी भेटतात.

डक्टमधील सात आठवडे

आपण ज्याला घरगुती समजतो ते कबुतर मुळात कड्यांवर राहणारा पक्षी आहे. डोंगरकड्यांतील कपारी आणि अरुंद पायऱ्या ही त्याची मूळची वस्ती. त्याच्या नजरेने पाहिले तर दहा मजली इमारत हा एक उत्तम कडा असतो. एसीचे बाहेरचे युनिट, खिडकीवरचा छज्जा आणि न्हाणीघरांच्या मागचा, नळांनी भरलेला, उजेड न पोचणारा डक्ट या त्यातील कपारी असतात. तेथे मांजर पोचत नाही, कावळ्याला सहज घुसता येत नाही, पाऊस लागत नाही आणि आपण माणसेही वर्षातून एकदा, तेही नळ फुटल्यावरच, डोकावतो.

घरटे म्हणाल तर त्याला घरटे म्हणणे जिवावर येते. आमच्या डक्टमधील घरट्यात खराट्याच्या काड्या, अंगणातील वाळलेले देठ आणि वीजतंत्र्याने टाकून दिलेल्या तारेचे दोन तुकडे होते. अशा मांडणीवर मादी दोन पांढरी अंडी घालते. साधारण १८ दिवस ती उबवली जातात आणि या कामात नर पूर्ण वाटा उचलतो: सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत बहुधा नर बसतो, उरलेला वेळ आणि रात्रभर मादी. दोघांचे रूप जवळजवळ सारखेच असल्याने पाहणाराला मात्र एकच कबुतर दिवसभर बसले आहे असे वाटते.

पिल्लू बाहेर येते ते, स्पष्टच सांगायचे तर, कुरूप असते. अंगावर विरळ पिवळे केस, मिटलेले फुगीर डोळे आणि चेहऱ्याच्या मानाने भलतीच मोठी चोच. काही दिवसांनी डोळे उघडतात. दहाव्या दिवसाच्या सुमारास मी टॉर्च लावून पाहिले, तेव्हा त्याच्या अंगावर पेनाच्या रिफिली टोचून ठेवाव्यात तशा करड्या नळ्या उगवल्या होत्या, आणि प्रत्येक नळीच्या टोकाला तो जुना पिवळा केस अजून चिकटलेला होता. पंख फुटणे म्हणतात ते अक्षरशः हेच. नळीत गुंडाळलेले पीस आतून वाढत जाते, वरचे आवरण सुकून कोंड्यासारखे झडते आणि पीस उलगडते. टॉर्चचा उजेड तोंडावर पडताच त्या जिवाने छाती फुगवली, पाय रोवून मागे रेलले आणि चोच खाडकन मिटून मला दम दिला. हात मागे घेतला हे कबूल केले पाहिजे.

पिल्लू घरट्यात सुमारे महिनाभर, कधी त्याहून थोडे अधिक राहते. लहान पक्ष्यांच्या तुलनेत हा मुक्काम बराच लांबलेला आहे, आणि त्याचे कारण पुन्हा त्या कड्यातच सापडते: ज्याचे घर उंच कड्याच्या धारेवर आहे, त्याला अर्धवट उडता येऊन चालत नाही. अंडे घातल्यापासून पिल्लू उडेपर्यंत असे जवळपास सात आठवडे होतात, आणि हे सात आठवडे आपल्या न्हाणीघराच्या भिंतीपलीकडे, वीतभर अंतरावर पार पडतात. फार तर भिंतीआडून बारीक शिटीसारखा आवाज ऐकू येतो आणि आपण नळात हवा अडकली असे समजतो.

दूध पाजणारा पक्षी

वीस पट वाढीसाठी लागणारे खाद्य येते कुठून, हा या विषयातील सर्वांत नवलाचा भाग आहे. पक्ष्यांच्या गळ्याखाली खाल्लेले दाणे काही काळ साठवण्याची एक पिशवी असते. तिला अन्नपुट म्हणतात. कबुतराची अंडी फुटायच्या सुमारास नर आणि मादी या दोघांच्याही अन्नपुटाचे अस्तर जाड होते, त्यातील पेशी सुटू लागतात आणि त्यांचा दह्याच्या गुठळ्यांसारखा घट्ट, फिकट पिवळसर पदार्थ बनतो. हेच कबुतराचे दूध. पाणी वगळले तर त्यात निम्म्याहून अधिक प्रथिने आणि एक तृतीयांशाच्या आसपास स्निग्धांश असतो. गंमत अशी की सस्तन प्राण्यांत दूध येण्यास जे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक कारणीभूत असते, तेच येथेही काम करते. पहिले काही दिवस पिल्लू याच दुधावर वाढते. पालकाच्या उघड्या चोचीत आपली चोच घालून ते हा घास घेते, आणि नंतर हळूहळू त्यात भिजलेले दाणे मिसळू लागतात.

असे दूध तयार करणारे पक्ष्यांचे गट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. कबुतरे आणि होले, नर सम्राट पेंग्विन, आणि नवी मुंबईकरांना ज्यांचा अभिमान आहे ते फ्लेमिंगो. फ्लेमिंगोचे दूध लालसर असते आणि पिल्लू वाढवताना पालकांचा स्वतःचा गुलाबी रंग फिका पडतो. ठाणे खाडीत मात्र आपण हे पाहू शकत नाही, कारण त्यांची वीण तिथे होत नाही. आपल्याकडील फ्लेमिंगोंची मोठी वसाहत कच्छच्या रणात आहे. २०१५ साली अभयारण्य आणि २०२२ साली रामसर स्थळ म्हणून घोषित झालेल्या या खाडीत ते येतात ते खाण्यासाठी. तरीही ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने गेल्यास गुलाबी थव्यात काही मळकट करडे पक्षी दिसतात आणि बोटीवर कोणीतरी "तो आजारी असावा" असे हमखास म्हणतो. तो आजारी नसून लहान असतो. त्याला पूर्ण गुलाबी व्हायला दोन-तीन वर्षे लागतात.

दार किती दिवस बंद ठेवायचे?

काऊ-चिऊच्या गोष्टीत चिऊताई पावसात भिजणाऱ्या कावळ्याला दार उघडत नाही; बाळाला न्हाऊ घालण्यापासून तीट लावण्यापर्यंतची कारणे ती सांगत राहते. लहानपणी मला ती फार निष्ठुर वाटे. कावळा चिमणीची पिल्ले खातो हे पुढे कळले, तेव्हा गोष्ट रचणाऱ्या कुणा आजीचे निरीक्षण किती पक्के होते ते ध्यानात आले.

घरटे जितके सुरक्षित, तितका पिल्लांचा मुक्काम लांब, असा साधारण नियम आहे. पोपट झाडाच्या ढोलीत राहतो आणि त्याची पिल्ले सहा-सात आठवडे बाहेर येत नाहीत. साळुंकी भिंतीच्या भोकात, पत्र्याच्या पन्हळीत घरटे करते. तिची पिल्ले तीन आठवडे आत असतात. बुलबुलाचे घरटे मात्र कुंडीतील झुडपात उघड्या वाटीसारखे असते आणि एकदा ते मांजराच्या किंवा भारद्वाजाच्या नजरेस पडले की संपलेच. म्हणून त्याची पिल्ले जेमतेम बाराव्या-तेराव्या दिवशी, नीट उडता येत नसतानाच घरटे सोडतात आणि वेगवेगळ्या फांद्यांवर पानांआड लपून बसतात. पडक्या घरात राहणाऱ्याने लवकर बाहेर पडावे, तसेच हे. एका जागी तीन पिल्ले राहण्यापेक्षा तीन जागी एकेक राहिलेले बरे, कारण शत्रूला तिन्ही सापडणे अवघड जाते.

शिवाय लहान पक्षी घरट्याचा माग राहू देत नाहीत. चिमणी, बुलबुल, शिंजीर यांसारख्यांच्या पिल्लांची विष्ठा एका पातळ पिशवीत गुंडाळलेली बाहेर पडते आणि पालक ती चोचीत उचलून दूर नेऊन टाकतात. बाजारातील लंगोटांच्या कितीतरी आधीची ही सोय आहे. कबुतर असले काही करत नाही, म्हणूनच त्याचे घरटे विष्ठेने सिमेंटसारखे घट्ट होत जाते आणि सोसायटीच्या सभेत पोचते.

मग एवढ्या थव्यात लहान कोण ते ओळखायचे कसे?

आकारावरून ओळखता येत नाही, रंगावरून येते. मोठ्या कबुतराच्या मानेवर हिरवी-जांभळी झळाळी असते, चोचीच्या मुळाशी नाकपुड्यांवर चुना लावल्यासारखा पांढरा फुगीर भाग असतो आणि डोळा नारिंगी असतो. नुकत्याच बाहेर पडलेल्या कबुतराची मान मंद करडी असते, नाकपुड्यांवरचा भाग पांढरा नसून मळकट गुलाबी-करडा असतो, डोळा तपकिरी असतो आणि डोक्यावर कधीकधी एखादा पिवळा केस राहून गेलेला असतो. याखेरीज वागणुकीचीही खूण आहे: तलावपाळीच्या कठड्यावर एक कबुतर दुसऱ्याच्या मागे पंख फडफडवत, शिट्या मारत धावताना दिसले, तर ते भांडण असेलच असे नाही, अंगाने बापाएवढा झालेला मुलगा अजून घास मागत असण्याची शक्यता अधिक.

कावळ्याचे पिल्लू मे-जूनमध्ये पाहावे. त्याचे डोळे निळसर करडे आणि तोंडाची आतली बाजू लालभडक असते. कधी असेही होते की कावळा ज्याला भरवतो आहे ते पिल्लू कोकिळेचे निघते, कारण कोकिळा आपले अंडे कावळ्याच्या घरट्यात घालते आणि तिचे पिल्लू कावळ्याच्या पिल्लांच्या आधी अंड्याबाहेर येते.

टाकलेले धान्य कोणाच्या पोटात जाते?

चिमणी दाणे खाते, हे आपण पाहतो आणि म्हणून गच्चीवर बाजरी पसरतो. परंतु चिमणी आपल्या पिल्लांना सुरुवातीला दाणे भरवत नाही. दोन आठवड्यांत अंगावर मांस आणि पिसे चढवायची तर प्रथिने हवीत, आणि ती मिळतात अळ्या, मावा, कोळी आणि बारीक कीटकांतून. जिथे अंगणावर फरशी आली, कुंपणाची मेंदी गेली आणि दर आठवड्याला औषध फवारले जाते, तिथे मोठ्या चिमणीला पोटभर दाणे असूनही पिल्लाच्या तोंडात घालायला काही मिळत नाही. भिंतीतील भोकेही नव्या बांधकामात उरलेली नाहीत, ही अडचण वेगळी.

कबुतराला कीटकांची गरज पडत नाही. ते दाण्याचेच दूध करते. आपण फेकलेली ज्वारी अशी डक्टमधील पिल्लाच्या पोटात जाते, तीही शरीराच्या कारखान्यातून प्रथिनयुक्त होऊन. म्हणूनच ते जवळजवळ वर्षभर वीण करू शकते, अनुकूल स्थितीत वर्षात पाच-सहा वेळाही, आणि आधीची पिल्ले घरट्यात असतानाच पुढची अंडी घालू शकते. चिमण्यांसाठी म्हणून टाकलेले धान्य असे कबुतरांच्या पाळण्यात जाते. माझ्या मते कबुतरखान्यांच्या वादात धर्म, दया आणि दमा या तिन्हींवर भरपूर बोलले गेले. हा पाळण्याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

"मग कबुतरे पकडून दूर का सोडत नाहीत?" असा प्रश्न येतो. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराने त्याहून कठोर उपाय करून पाहिला होता. १९६१ ते १९८५ या काळात तेथे सुमारे एक लाख कबुतरे मारण्यात आली, तरी शहरातील संख्या वीस हजारांच्या आसपास कायम राहिली; जागा रिकामी झाली की उरलेल्यांची पिल्ले ती भरून काढत. १९८८पासून लोकांनी धान्य टाकू नये यासाठी मन वळवण्याची मोहीम हाती घेतली गेली, सोबत देखरेखीखालील काही खुराडी ठेवून तेथील अंडी काढली गेली, आणि चार-पाच वर्षांत संख्या जवळपास निम्म्यावर आली. धान्य एका दिवसात बंद केले तर त्या वेळी घरट्यात असलेल्या पिल्लांना झळ बसते, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उत्तर हेच की ते टप्प्याटप्प्याने कमी करावे, म्हणजे पुढची अंडीच कमी घातली जातात.

पिल्लू खाली पडलेले दिसले तर?

पिसे फुटलेले, डोळे उघडे असलेले, उड्या मारणारे पिल्लू जमिनीवर दिसले तर ते बहुतेक वेळा पडलेले नसते. ते घरटे सोडून उडायला शिकत असते. या वयाच्या पिल्लाला मराठीत सुटसुटीत शब्द नाही, आणि "उडाऊ" म्हणावे तर अर्थ भलताच होतो. त्याला रस्त्यावरून उचलून जवळच्या झुडपात ठेवावे आणि लांब जाऊन पाहावे. पालक आसपासच असतात आणि आपण हटल्याशिवाय येत नाहीत. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, ही समजूत निराधार आहे. चोचीत पाणी किंवा दूध ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावते. पिसे न आलेले उघडे पिल्लू असेल आणि घरटे हाताला लागत असेल, तर परत घरट्यात ठेवावे. जखमी असेल तरच खोक्यात ठेवून पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांकडे न्यावे. आणि मे-जूनमध्ये कावळा डोक्यावर टोचा मारत असेल, तर पितरांचा विचार करण्याआधी जवळपास त्याचे पिल्लू आहे का ते पाहावे.

मग जाळी बसवायचीच नाही का?

बसवावी. कबुतरांची सुकलेली विष्ठा आणि पिसांची धूळ सतत श्वासावाटे गेल्याने काहींच्या फुप्फुसांना कायमची सूज येते, हे डॉक्टर सांगतात आणि ते थट्टेवारी नेण्यासारखे नाही. विष्ठा कोरडी झाडू नये, आधी पाण्याने भिजवावी आणि तोंडाला मास्क लावूनच काढावी. मात्र जाळीपूर्वी टॉर्च लावून डक्ट तळापर्यंत पाहणे हे जाळीइतकेच आवश्यक आहे.

आमच्याकडे ते झाले नाही. सभेनंतर चार दिवसांत ठेकेदाराची माणसे आली, दोरावरून उतरून त्यांनी दुपारपर्यंत जाळी ताणली आणि निघून गेली. संध्याकाळपासून दोन कबुतरे त्या जाळीला बाहेरून लटकू लागली. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच होती, आणि तिसऱ्या मजल्यावरील न्हाणीघरात बारीक शिट्या ऐकू येत होत्या. प्रश्न विचारणाऱ्या आजींचेच ते घर. त्यांच्या खिडकीच्या काचा काढून आम्ही कात्रीने जाळीचा एक कोपरा हातभर कापला. अर्ध्या तासात मादी की नर ते न कळणारे एक कबुतर आत शिरले. आजींनी टॉर्चच्या उजेडात पिल्ले पाहिली आणि "अगं बाई, हे असले?" एवढेच म्हणाल्या.

पुढचे तीन आठवडे कोपरा तसाच ठेवला. डक्टमधील बाकीच्या सपाट जागा मात्र उताराच्या फळ्या लावून बंद केल्या, कारण पहिली पिल्ले उडायच्या आधीच दुसरी अंडी पडली असती तर हा क्रम संपला नसता. घरटे रिकामे झाल्याची खात्री झाली त्याच दिवशी कोपरा शिवून घेतला. त्या संध्याकाळी समोरच्या इमारतीच्या टाकीवर अकरा कबुतरे बसली होती. आजींनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले आणि बोटाने दाखवले: डावीकडून चौथे आणि पाचवे, त्यांच्या नाकावर पांढरे नाही.